पेरूच्या लाकडाचा धूर

चौथ्या दिवशीही ऊन पडलं नाही. वारा तर नव्हताच. तळ्याचं हिरवं पाणी उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं दिसायला लागलं होतं. उजाडता उजाडता नवरा बांधावर गेला आणि चपला हातात घेऊन पळत परत आला.

"मासे वर आलेत," तो दारातूनच म्हणाला. "सगळे हवेसाठी तोंडं उघडून पडलेत. आज तळं ओढलं नाही तर उद्या नुसते काढायचे आणि पुरायचे."

त्याची बायको, या घरची सून, बाळाला पाजत होती. पाच महिन्यांची मुलगी. पिता पिता एका हातानं आईच्या ब्लाउजचं बटण पिळत बसायची. सासू चुलीपुढून उठली.

"बर्फवाल्याला निरोप दे."

"तिथूनच येतोय. त्याचं यंत्र परवापासून बंद. तळ्याकाठी कुणालाच बर्फ नाही."

"मग सगळा माल धुरावर." सासूनं पदर खोचला. "पोरीला पोटभर पाज गं बाई. आता दुपारपर्यंत ती तुझी नाही."

एरवी अर्धा मासा बर्फात घालून ताजाच जायचा आणि उरलेल्याला धूर द्यायचे. सगळं तळं एकदम धुरावर घालायची वेळ या घरावर कधी आली नव्हती. हा माल गेला तरच रिकाम्या तळ्यात पुन्हा पिल्लं सोडता येणार होती. हे तिघांनाही ठाऊक होतं.

आणि माल जायचा तो सासूच्या नाकावर. गल्लीत तिला नावानं कुणी ओळखतच नसे. सगळ्यांची ती नाकवाली. मासा मिठात किती वेळ राहिला, लाकूड ओलं होतं की सुकं, हे ती धूर दिलेल्या माशाला नाक लावून सांगायची. सुका माल उचलणारी टेंपोवाली बाकी सगळ्यांच्या करंड्या तळापर्यंत उपसून बघायची. इथे मात्र तिची रीत वेगळी होती. मधल्या ओळीतला एक मासा उचलायचा, नाकवालीच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "आधी तुझं नाक." सासू तो पाठीत मोडायची, मणक्यापाशी नाक न्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "घे." तेवढ्यावर माल गाडीत चढायचा. सून या घरात यायच्या कितीतरी आधीपासून हे असंच चाललेलं.

दिवसभर जाळं ओढलं. शेजारचे चारजण छातीभर पाण्यात उतरले. बाहेर येत तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली असत. मासा फारसा धडपडतही नव्हता. त्यातलं त्राणच गेलं होतं. नवरा टोपल्या आणून अंगणात उलट्या करायचा आणि न थांबता परत फिरायचा.

अंगणात सासू-सुना समोरासमोर बसल्या. खवले काढायचे, पाठीवरून सुरी घालून मासा पुस्तकासारखा उघडायचा, आतडी काढायची, कल्ले काढायचे, मणक्याशी साकळलेलं रक्त अंगठ्यानं घासून धुवायचं. ते रक्त राहिलं की मासा वरून सोन्यासारखा दिसतो आणि आतून आंबतो. मग मिठाच्या पाण्यात. पाणी किती खारं हवं याला सासूचं एक माप होतं: सोललेला बटाटा पिंपात टाकायचा, तो तरंगला की मीठ पुरे.

"बुडाला," सून म्हणाली.

"आळशी आहे. घाल अजून दोन मुठी."

बटाटा हळूच वर आला. सासूनं त्याला बोटानं टिचकी मारली. "बघ, लाज वाटली त्याला."

सुनेच्या बोटांना मिठानं चिरा पडल्या होत्या. दुपारी बाळ रडायला लागलं तसं तिच्या छातीतून दूध पाझरलं आणि ब्लाउज पुढून ओला झाला. हात घासघासून धुतले तरी पोरीनं तिचं बोट तोंडात घेतलं आणि असं तोंड वाकडं केलं की जाळं खांद्यावर घेऊन चाललेला नवराही थांबून हसला.

"हिला पण पिंपात घातलंस की काय?"

तेवढ्यात शेजारीण आली, हातात पानात गुंडाळलेला मासा घेऊन. "नाकवाली, जरा बघ गं. काल संध्याकाळचा आहे. सासरे म्हणतात खाऊ, मी म्हणते टाकू."

"म्हणजे तुला चूल पेटवायचा कंटाळा आलाय."

"तू बघ तर."

सासूनं मासा घेतला. कल्ला उचलून रंग बघितला. डोळ्यावर बोट दाबलं. पोटावर दाबलं. मग नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला. "टाक."

शेजारीण खूश होऊन गेली. सून हात थांबवून बसली. मासा तिच्याही जवळूनच गेला होता. तिला तर तो चांगला वाटला होता. पण त्याहून वेगळंच काहीतरी खुपलं. सासू आधी डोळे मिटून वास घ्यायची आणि मग डोळे उघडायची. आज ती आधी सगळं डोळ्यांनी बघत होती.

"काय बघतेस? सुरी गंजेल," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मासा दोरीवर टांगून पाणी सुकवलं. वारा नसल्यानं दोघी आळीपाळीनं सुपानं वारा घालत बसल्या, माशा हाकलत. अंगावर चकाकी आली, बोटाला चिकटेनासा झाला, तेव्हा भट्ट्या लावल्या. एक जुनी, मातीची, पडवीत. दुसरी बाहेर, लोखंडी पिंप कापून केलेली. दोन्हींत एकावर एक दोन जाळ्या, जाळ्यांवर मासे, वर ओलं गोणपाट. खाली पेरूचं लाकूड, वर्षभर वाळवलेलं. पेरूच्या लाकडाशिवाय सासू कशाला हात लावत नसे. जाळ होऊ द्यायचा नाही. धूर निळसर, पातळ हवा. पांढरा दाट धूर आला की लाकूड ओलं, आणि ओल्या लाकडानं मासा कडू होतो.

सून आतल्या भट्टीपाशी, सासू बाहेरच्या. बाळ मध्ये पाळण्यात. दुपारी सून लंगोट वाळत घालायला मागच्या दारी गेली. परत येताना तिचं पाऊल अडखळलं. नाकाला काहीतरी झोंबलं. रस्त्याचं काम चालू असलं की येतो तसा.

डांबर.

ती धावली. सासू बाहेरच्या भट्टीपुढे पाटावर शांत बसली होती, एक हात पाळण्याच्या दोरीला. गोणपाटाखालून निघणारा धूर सरळ तिच्या तोंडावर येत होता. भट्टीच्या तोंडाशी एक जाड काळपट लाकूड धुमसत होतं. तळ्यातल्या मचाणाचा जुना खांब. पाण्यात कुजू नये म्हणून त्याला कधीकाळी डांबर फासलं होतं. नवऱ्यानं तो तोडून न्हाणीच्या चुलीसाठी वेगळा रचून ठेवला होता.

सुनेनं चिमटा घेतला नाही, पळीही नाही. लाकडाचं न पेटलेलं टोक धरून तिनं ते ओढलं आणि अंगणात फेकलं. तळहात पोळला. मग गोणपाट उचललं, दोन्ही जाळ्या उतरवल्या.

"काय झालं गं?" सासू उभी राहिली. "जाळ झाला का?"

सून तिच्याकडे बघत राहिली. डांबराचा वास अंगणभर झाला होता. पलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलंही, "काय जळतंय?" सासूनं तो आवाज ऐकला. मग फेकलेल्या लाकडाकडे बघितलं. मग सुनेकडे. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पाणी ओसरल्यासारखं झालं.

पाळण्यात पोरीनं लंगोट घाण केला होता. तोही वास केव्हापासूनचा येत असणार.

"आई," सून हळू म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही."

सासू पाटावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"तुझ्या बाळंतपणात मला ताप आला होता बघ. सात दिवस. ताप गेला आणि तो पण गेला. म्हटलं येईल. सर्दीत जातो तसा गेला असेल. रोज सकाळी उठून आधी चहाचा डबा उघडून बघते."

"मग सांगितलं नाहीत ते?"

"काय सांगू? नाकवालीचं नाक गेलं म्हणून सांगू?" ती हसली, पण ते हसू ओठांतच राहिलं. "गेल्या खेपेला टेंपोवालीनं मासा हातात दिला. मी नाकाशी नेला. काही नाही. नुसती हवा. आणि मी 'घे' म्हटलं."

सुनेनं तिचा हात धरला. दोघींचे हात मिठानं खरखरीत. सासूनं तिचा पोळलेला तळवा उलटा करून बघितला आणि पिंपातल्या गार पाण्यात धरला.

"मिठाचं आहे आई ते."

"अगं बाई," म्हणून सासूनं हात पटकन बाहेर काढला, आणि मग दोघींनाही हसू आलं. एकीचे डोळे मिठानं झोंबत होते, दुसरीचे धुरानं. म्हणजे तसं म्हणायला.

खालच्या जाळीतले मासे गेलेच. त्यांच्यावर काळसर तेलकट कण बसले होते. वरच्या जाळीतले सुनेनं एकेक करून नाकाला लावले. खारट पाण्याच्या फडक्यानं पुसले, सुपानं वारा घातला, पुन्हा नाकाला लावले. चांगले वाटले. भट्टी घासून नवी राख घातली, पेरूचं लाकूड लावलं.

संध्याकाळी नवरा आला. उकिरड्यापाशी मासे बघून थबकला. "हे काय?"

"माझ्या हातून डांबराचं लाकूड भट्टीत गेलं," सून म्हणाली. सासूच्या तोंडून शब्द निघायच्या आत.

"तुझ्या? अगं, वेगळं रचून ठेवलं होतं मी. वास नाही आला तुला?"

"नाही आला."

"इतक्या जवळ बसून?" त्यानं कपाळावर हात मारला. तो ओरडणारा माणूस नव्हता, म्हणूनच त्याचं ते दमलेलं बोलणं जास्त लागलं. "निदान आईला विचारायचंस. ती इथेच होती ना? तिनं लांबून सांगितलं असतं."

सासू पोरीचा लंगोट बांधत होती. तिची बोटं गाठीवर थांबली. सुनेनं मान हलवून तिला गप्प राहायला सांगितलं. सासूनं गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

पुढचे दोन दिवस सून दोन्ही भट्ट्यांमध्ये फिरत राहिली. सासू धूर बघायची, लाकूड वाजवून ओलं-सुकं ओळखायची, माशावर अंगठा दाबून बघायची. खळगा पडला की अजून वेळ आहे. वास सून घ्यायची. आणि मध्येच सासू तिला धडे द्यायची.

"मणक्याशी. पोटाशी काय शोधतेस, पोट सगळ्यांचं सारखंच. मणक्याशी नाक ने आणि श्वास ओढू नकोस. थांब. वासाला येऊ दे तुझ्यापर्यंत."

"आला."

"काय आला?"

"माशाचा."

"माशाचा! माशाला काय गुलाबाचा येणार? नीट सांग."

"धुराचा. थोडा... ओल्या भांड्यासारखा."

"मणक्याशी रक्त राहिलं असेल. तो बाजूला काढ. घरी खाऊ आज." सासूला समाधान वाटलं. "भांड्यासारखा. हे बरं सांगितलंस. मी लोखंडी म्हणायचे."

टेंपोवाली यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांचं ठरलं. सासूनं मासा नाकाशी न्यायचा. सून बाळाला घेऊन शेजारी उभी राहील. चांगला असेल तर पोरीला डाव्या खांद्यावर घ्यायचं, नसेल तर उजव्या.

"आणि ही पोर आपणहून इकडून तिकडे गेली तर?" सासूनं विचारलं.

"तिला पाजून ठेवते."

सकाळी टेंपोचा हॉर्न गल्लीच्या तोंडापासूनच वाजायला लागला. टेंपोवाली उतरली. रुंद बांध्याची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, सासूच्याच वयाची. आल्या आल्या पोरीचा गाल ओढला. "ही कुणावर गेली? बरं झालं, बापावर नाही गेली." नवरा हसत करंड्या बाहेर आणायला लागला. मासे तांब्यासारखे झाले होते. अंगणात ओळीनं मांडलेले बघून टेंपोवालीनं मान डोलावली.

"बर्फ नाही म्हणून सगळ्यांनीच घाईघाईनं धूर दिलाय. आत्ता दोन घरांचा परत करून आले. आतून कच्चा." तिनं मधल्या ओळीतला एक मासा उचलला आणि सासूपुढे धरला. "आधी तुझं नाक."

सासूनं मासा पाठीत मोडला. मणक्याशी नाक नेलं. डोळे मिटले.

सून एक पाऊल जवळ सरकली. वास तिच्यापर्यंत आला. पेरूचा धूर, मीठ, माशाचा तेलकट गोडसर वास. आणि त्यांच्या मागे, अगदी मागे, कुणीतरी दाराआड उभं असावं तसा, डांबर. वरच्या जाळीतला मासा होता. तीन दिवसांपूर्वी पुसून चांगला वाटलेला. धूर मुरला तसा तोही मुरला होता. टेंपोवालीला कळला असता की नाही, देव जाणे. सासूला कळणार नव्हता. नवरा शेवटची करंडी घेऊन येत होता. रिकामं तळं त्याच्या पाठीमागे दिसत होतं.

पोर डाव्या खांद्यावर होती. सुनेनं तिला उजव्या खांद्यावर घेतलं.

सासूनं डोळे उघडले आणि ते बघितलं. मासा नाकापासून दूर केला. पण "नको" म्हणाली नाही. तिनं मासा सुनेच्या हातात दिला.

"हिला विचार," ती टेंपोवालीला म्हणाली. "मला वास येत नाही. पाच महिने झाले."

करंडी खाली टेकवता टेकवता नवरा वाकलेलाच राहिला.

"आई?"

"डांबराचं लाकूड मी घातलं होतं. हिनं स्वतःवर घेतलं. तू हिला बोललास ते मी ऐकून घेतलं. तेवढं एक मला आता जिरत नाही."

टेंपोवालीनं किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला. "पाच महिने? मग गेल्या खेपेला तू 'घे' म्हणालीस, तो शब्द कुणाचा होता?"

"सवयीचा," सासू म्हणाली.

हे ऐकायला फार वाईट होतं. अंगणाच्या कडेला शेजारीण उभी होती, तीही हळूच आत गेली. टेंपोवाली सुनेकडे वळली. "आणि तुझं काय म्हणणं?"

"हा नाही," सून म्हणाली. "हा आणि याच्या बरोबरचे. बाहेरच्या भट्टीतल्या वरच्या जाळीचे. दुसरी आणि तिसरी ओळ. बाकीचा चांगला आहे."

टेंपोवालीनं तो मासा घेतला, वास घेतला, पुन्हा घेतला. कपाळाला आठी पडली. "मला तर काही..." मग तिसऱ्यांदा घेतला. खूप वेळ. "आहे," ती म्हणाली. "आहे खरा."

मग ती पाटावर बसली आणि या अंगणात तिनं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. उरलेल्या ओळींमधून एकेक मासा उचलून पाठीत मोडायला लागली. एक. दोन. पाच. सासू समोर उभी राहून आपले मासे मोडले जाताना बघत होती, हात पोटाशी धरून. नवरा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. नुसता तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, लहानपणी रांगेत उभा राहायचा तसा.

सात मासे मोडून टेंपोवाली उठली. "दोन ओळी सोडून बाकीचा चढव," ती नवऱ्याला म्हणाली.

"पुढच्या खेपेला?" सासूनं विचारलं.

"पुढच्या खेपेलाही उघडून बघेन. त्याच्या पुढच्या खेपेचं तेव्हा बघू." टेंपोत चढताना ती थांबली. सुनेकडे बोट करून सासूला म्हणाली, "हिच्या हातचा चहा कधी प्यायलीस का तू? कसा होतो?"

"गोड पाणी," सासू म्हणाली.

"मग नाक तरी शिकव नीट."

टेंपो गेला. गल्लीतली धूळ खाली बसली. मग नवरा सुनेपाशी आला. तिचा पोळलेला तळवा हातात घेतला, त्यावर अंगठा फिरवला, आणि त्याच अंगठ्यानं स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. बोलणं त्याला कधी जमत नसे. तो रिकाम्या करंड्या उचलून तळ्यावर धुवायला निघून गेला.

दुपारी कितीतरी दिवसांनी ऊन पडलं. पडवीत त्याचा एक पट्टा आला. सासू त्यात पाय पसरून बसली होती, पोर मांडीवर. सून जेवणाची भांडी घेऊन आली तेव्हा सासू वाकून पोरीच्या टाळूला नाक लावून बसली होती. डोळे मिटलेले.

"आई?"

"काही नाही." सासूनं मान वर केली नाही. "सगळ्या बायका म्हणतात, लहान मुलाच्या टाळूला वास असतो. हिच्या बापाच्या वेळी मला माहीत होता. हिचा मी एकदाही घेतला नाही. तू आत बाळंत होत होतीस आणि मी बाहेर तापानं कुडकुडत होते." मग ती म्हणाली, "कसा आहे गं? सांग ना."

सून भांडी खाली ठेवून तिच्या शेजारी टेकली. पोरीच्या डोक्याशी नाक नेलं. श्वास ओढला नाही. थांबली. वासाला येऊ दिलं.

"दुधाचा," ती म्हणाली. "पण ताज्या नाही, सायीच्या. आणि घामाचा, मानेपाशी. उन्हात वाळलेल्या फडक्यासारखा पण आहे थोडा."

"आणि?"

"आणि धुराचा."

सासूनं डोळे उघडले. "कुठल्या लाकडाचा?"

"पेरूच्या."

"सुकं?"

सुनेनं पुन्हा एकदा वास घेतला, नीट, मणक्याशी घ्यावा तसा.

"चांगलं सुकं," ती म्हणाली.

"मग ठीक आहे," सासू म्हणाली, आणि पुन्हा पोरीच्या टाळूला नाक लावून डोळे मिटून बसली.